गंगोत्री आणि खाजकुइली

चैत्राच्या भर दुपारी, कुरुंद्यात हळदीच्या कढया रटरटत असताना, माणिकराव पाटलांनी घरून घोंगडी मागवली. त्यांना थंडी वाजत होती.

ही थंडी हिमानंद महाराजांनी मारुतीच्या पारावर आणली होती. अर्धं गाव हळदीच्या रिकाम्या पोत्यांवर डोळे मिटून बसलेलं, आणि महाराज मधाळ आवाजात सांगताहेत, "बेटा, गंगोत्री आली. पायाखाली बर्फ. मानेवरून गार वारा चालला. लागला का वारा?"

"लागला, महाराज," गाव म्हणालं. पाटील घोंगडीतून म्हणाले. निजामाच्या राज्यातून बिनतिकीट हिमालय गाठणारं हे पहिलंच गाव असावं.

नर्मदाबाईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तिचा नवरा ग्यानबा पहिल्या रांगेत बसला होता, हिवताप अंगात घेऊन. वसमतच्या दवाखान्यातून तिनं कोयनेलच्या पुड्या आणल्या होत्या. पण महाराजांनी बजावलं, "औषध पोटात गेलं की गंगोत्री रुसते," आणि ग्यानबानं पुडीला हात लावणं सोडलं. गेल्या साली याच तापानं तिचा दीर गेला होता.

एवढ्यात ग्यानबाचे दात कडाकडा वाजू लागले.

"पाहा," महाराज म्हणाले, "याला म्हणतात सिद्धी. हा थेट शिखरावर पोचला."

गावानं हात जोडले. नर्मदाबाईनं नवऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि कढईला लागल्यासारखा मागं घेतला.

"अवो, अंग फणफणून राहिलं तुमचं."

"गप. मी शिखरावर हाव."

ती उठून उभी राहिली. "महाराज, मला बी येक ठिकाण दिसून राहिलं. सांगू का?"

नवी शिष्या मिळतेय म्हणून महाराज खुलले. "सांग, माई. सगळ्यांनी डोळे मिटा."

नर्मदाबाईनं त्यांचाच मधाळ आवाज लावला. "वढ्याकाठचं कुंपण हाय. त्यावर खाजकुइलीच्या शेंगा वाळल्यात. वारा सुटला. बारीक बारीक कुसं उडाली. आली... मानेवर बसली. आता सदऱ्यात उतरली. पाठीवरून हळूहळू खाली चालली. काखेत शिरली."

पाटलांची घोंगडी हलली. मग शेजारचा खांदा हलला. बघता बघता सगळी रांग कराकरा खाजवू लागली. महाराजांनी बराच धीर धरला. शेवटी कफनीत हात घातलाच.

"उघडा डोळे," नर्मदाबाई म्हणाली. "कुठं हाय खाजकुइली?"

कुणाला एक कूस सापडेना.

"ही सारी माया आहे," महाराज पाठ खाजवत म्हणाले.

"माया जरा वर हाय, महाराज," कढईखाली जाळ घालणारा सटवाजी म्हणाला. "तुमचा हात पुरंना."

हसू ओसरल्यावर पाटील कुरकुरले, "पर बाई, गार वाटलं ते वाटलंच की."

"व्हय, पाटील. खाज बी वाटली. मनात आणलं की अंगाला वाटतं. उन्हात जीव गार करायला रोज गंगोत्रीला जा, माझी ना न्हाई. पर त्यानं कढईखालचा जाळ इझत न्हाई, अन् ह्यांचा ताप बी उतरत न्हाई. ह्यांचे दात वाजले ते हिवतापानं. तुमी त्याला हात जोडून राहिले."

ग्यानबानं आपलं कपाळ चाचपून पाहिलं. "म्हंजे मी शिखरावर न्हाई?"

"पोत्यावर हाव."

दिवस कलायच्या आत महाराज बाळापूरच्या वाटेला लागले. तिकडं उन्हाळा जास्त असावा. कुरुंदेकरांना मात्र एवढं सांगायला हवं की, मनानं मनाला खुशाल गारवा द्यावा, त्याला महाराज लागत नाहीत. पण रोगाला काय लागतं ते रोग ओळखणाऱ्याला विचारावं आणि मुकाट्यानं घ्यावं.

घरी नर्मदाबाईनं पुडी पाण्यात कालवून वाटी पुढं केली. ग्यानबाचं तोंड वासानंच वाकडं झालं.

"डोळे मिटा. उसाचा रस समजा."

त्यानं डोळे मिटले, रस समजला आणि घटकन प्यायला.

"कडूच हाय गं."

"असंल," ती वाटी विसळत म्हणाली. "पोटात गेलं ना, बास."