पहिल्या ट्रेचे पाव

बायको गेली तेव्हा बेकरीकाका रडले नाहीत. लोक म्हणाले, धीराचा माणूस. कसला धीर आणि कसलं काय! माणूस आतून बधिर झाला होता, एवढंच. दफनभूमीतून घरी आले, कपडे बदलले आणि मैदा मळायला उभे राहिले. त्याला आता वर्ष होत आलं. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवायचे आणि दुप्पट पडलं तरी मुकाटच. लेकीने ते एकदा मुद्दाम करूनही पाहिलं होतं, बिचारीने.

बायकोचा एक नियम तेवढा त्यांचे हात अजून पाळत होते. भट्टीतून निघालेला पहिला ट्रे विकायचा नाही. खिडकीखालच्या कट्ट्यावर ठेवून द्यायचा. ज्याला गरज असेल त्याने न्यावा, आणि कोणी नेला ते आपण डोकावून बघायचं नाही. फार वर्षांपूर्वी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी प्रथमफळांवर, म्हणजे पिकाचा पहिला वाटा देवाला देण्यावर, उपदेश केला होता. साहेब स्वतः तो दुपारपर्यंत विसरले असतील, पण काकूंनी मनावर घेतला तो घेतलाच. "प्रभूच्या ताटात काय उरलंसुरलं वाढायचं?" असं त्या म्हणायच्या, आणि त्यावर वाद घालायची कोणाची टाप नव्हती.

मग कारखाना बंद पडला. गल्लीतल्या निम्म्या घरांचा पगार थांबला, गिऱ्हाईक आटलं आणि मैदेवाल्याने उधारी बंद केली. एका सकाळी लेक कंबर कसून काकांपुढे उभी राहिली.

"पप्पा, पहिला ट्रे आता विकायचा. कट्ट्यावर कालचे उरलेले ठेवू. नाहीतर महिन्याभरात शटर खाली येईल."

"बरं," काका म्हणाले.

नुसतं बरं. भांडणाची सगळी तयारी वाया गेली. हवं ते मिळूनही लेकीला बरं वाटेना. बायकोच्या नियमावर पाणी सोडताना ज्याच्या कपाळाला आठीसुद्धा पडत नाही, त्या माणसाला परत कुठून आणायचं? दुकान राहील, पण बाप राहील का, याची तिला भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर शिळे पाव गेले. ते संपले, कोणी चकार शब्द काढला नाही. पण आठवडाभराने रिकाम्या ट्रेमध्ये अर्धा पाव सापडला. सुरीने सरळ कापलेला, धुतलेल्या, इस्त्रीच्या फडक्यात गुंडाळलेला.

"बघा," लेक फणकारली. "फुकटचं खायचं आणि वर नखरे. शिळा म्हणून परत करतायत."

काकांनी फडक्याची घडी घातली आणि पाव कोंबड्यांच्या बादलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा पाव. लेकीचं डोकंच फिरलं. खरं सांगायचं तर तिचा राग लोकांवर नव्हताच. आईचा नियम आपण मोडला, हे तिचं तिलाच खात होतं. त्यानंतरच्या सकाळी ती दाराआड उभी राहिली आणि पावलं वाजताच तिने कडी काढली.

कट्ट्यापाशी गल्लीच्या टोकाची इस्त्रीवाली होती. पदरात तीन पोरं, आणि कारखान्याचे कपडे बंद झाल्यापासून इस्त्री थंडच. हातात तसंच फडकं.

"आवडत नसेल तर नेऊ नका, बाई," लेक म्हणाली. "परत कशाला आणून ठेवता?"

"परत कुठे, ताई?" ती गोंधळली. "तुमच्यासाठी ठेवते."

"आमच्यासाठी?"

"इतकी वर्षं गरम पाव असायचा. आता शिळा यायला लागला. म्हटलं, काकांचंच अडलेलं दिसतंय. आमचं अर्ध्यात भागतं कसंतरी." तिने खाली बघितलं. "काकूंनी मला कधी काही विचारलं नाही. म्हणून मीही न विचारता ठेवून जात होते."

बादलीत गेलेले दोन तुकडे लेकीला आठवले आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका कधी मागे येऊन उभे राहिले कळलंच नाही. हात मैद्याने भरलेले. त्यांनी फडकं उलगडलं, अर्धा पाव घेतला आणि तिथेच उभ्याउभ्या खायला लागले. पाव चिवट झाला होता. बराच वेळ चावत राहिले.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले.

लेकीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुझ्या आईला चाललं नसतं," काका म्हणाले आणि रडायला लागले. तोंडात घास, हाताला मैदा, डोळे पुसायचीही सोय नाही. वर्षभराचं रडू होतं ते, लवकर थांबणार नव्हतं. इस्त्रीवाली घाबरून निघाली होती. लेकीने तिचा हात धरून तिला थांबवलं.

मग ती आत गेली. पहिला ट्रे नुकताच निघाला होता. तिने तो उचलला, बाहेर आणला आणि कट्ट्यावर ठेवला. शटर खाली यायचं तेव्हा येईल.

"आज अख्खा पाव न्यायचा," ती इस्त्रीवालीला म्हणाली.