तेरा ओहम

“काका, गाडीचं ट्रान्समिशन, आख्खा गिअरबॉक्सच गेलाय. घरी आलेल्या मेकॅनिकने स्कॅनर लावून सांगितलं. आता गाडी काढून टाकायची, हे आईला तुम्हीच समजवा ना, प्लीज,” राधिका हळूच म्हणाली.

तिची आई, शोभनाताई, बाहेर बाकावर बसल्या होत्या. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून नुसती उभी असलेली त्याची गाडी आज टो करून आणली होती.

यतीनने वायरी तपासायचा मीटर उचलला. अमेरिकेतल्या अर्विंगच्या या गॅरेजमध्ये त्याची एकोणीस वर्षं गेली होती, त्याआधी नाशिकला मोटर रिवाइंडिंगमध्ये बारा. मोजल्याशिवाय कशालाही मेलेलं म्हणायचं नाही, ही खोड तिथलीच. मालक त्याला ‘स्लो’ म्हणायचा.

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली होती. यतीनने गिअरबॉक्सच्या वायरींचा प्लग काढला आणि मीटरच्या पिना टेकवल्या. गिअर बदलणारे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपा, तो एकेक करून तपासू लागला. तेरा ओहम, म्हणजे ठीक. तेरा. साडेबारा. चौथ्याला मीटरवर आकडाच येईना.

“सी? गेलंय ना?” राधिका म्हणाली.

“थांब गं जरा.”

त्याने खालचं पॅन उघडून तेल काढलं आणि तोच सोलेनॉइड थेट मोजला. तेरा! सोलेनॉइड ठणठणीत होता. त्याच्याकडे येणारी वायर तेवढी गरम तेलात कडक होऊन तुटली होती.

तो हात पुसत बाहेर आला. “ताई, ट्रान्समिशन चांगलंय. वायर बदलली की झालं.”

“खरं?” त्या बाकावरून उठल्या.

तिसऱ्या दिवशी दोघी आल्या. यतीनने किल्ली राधिकापुढे धरली, पण हात शोभनाताईंनी पुढे केला.

“आई, यू हेट ड्रायव्हिंग!”

“हेट कशाला? हे होते ना, म्हणून चालवत नव्हते.”

त्या आत बसल्या. पाय पेडलपर्यंत पोचेनात. उंच माणसासाठी मागे सरकवलेली सीट आठ महिने तशीच होती. सकाळी गाडी फिरवून बघताना बुटक्या यतीननेही तिला हात लावला नव्हता. सीटच्या कडेवर बसून त्याने दोन मैल काढले होते.

तो मदतीला पुढे झाला आणि थांबला. शोभनाताईंनी वाकून सीटखालचा दांडा शोधला. क्षणभर तो नुसताच धरून ठेवला. मग ओढला आणि सीट हळूहळू पुढे घेतली.

यतीनने गॅरेजचं शटर पूर्ण वर केलं.