उच्चार माहीत नाही

मी खूण बोलतेय. अक्षर नव्हे, अक्षराच्या डोक्यावर बसणारी, शिशाची, तिळाएवढी खूण. एक आडवी रेघ आणि तिच्यावर गळासारखा उलटा आकडा. हसू नका. मात्रा काय, अनुस्वार काय, आम्ही डोक्यावर बसणाऱ्या सगळ्या दिसायला क्षुल्लकच. पण आम्हाला काढून टाका आणि मग वाचून दाखवा!

माझा जन्म एका म्हातारीच्या हट्टातून झाला. तिच्या माहेरच्या बोलीला लिपी नव्हती. गाव ओस पडलं, माणसं पांगली, मेली, आणि ती बोली बोलणारी ही एकटी उरली. शाळेची पायरी न चढलेली बाई. दुकानांच्या पाट्या आणि औषधाच्या बाटल्या वाचत अक्षरं शिकली. त्याच उसन्या अक्षरांत तिनं बोलीचा शब्दकोश लिहायला घेतला. स्वर बसले, व्यंजनं बसली. एक आवाज तेवढा कशात बसेना.

ती भाषेच्या एका पंडितांकडे गेली. त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "बाई, हा उच्चार नाही. हा खोकला आहे."

"मग तुमच्या कानाला पडसं झालंय," असं सुनावून ती उठून आली. त्याच दुपारी औषधाच्या पुडीच्या कागदावर तिनं मला काढलं.

छापखान्यात माझा साचा झाला, आम्ही चाळीस बहिणी ओतल्या गेलो. नऊ वर्षं कंपोझिटर अक्षरांचे खिळे जुळवत होता आणि म्हातारी शेजारच्या स्टुलावर बसून एकेक शब्द मोठ्यानं म्हणत होती. तो चुकला की, "अरे, हात आहेत की पाय?" तिचा तो आवाज दिवसातून शंभरदा माझ्या अंगावरून जायचा. मी त्याच्यावरच वाढले म्हणा ना.

नात जेवणाचा डबा घेऊन यायची. दुसऱ्या भाषेत वाढलेली पोर. तिच्या आईनंच ती बोली कधीची टाकलेली.

"आजी, तुझं बोलणं टेप करून ठेवूया ना."

"मी काय गवई आहे? आवाज हवेत विरतो गं. छापलेलं राहतं."

सगळ्यात शेवटी पहिलं पान जुळवायला घेतलं. कुठल्या खुणेचा उच्चार कसा, ते सांगणारं पान.

"काकू, हिचा उच्चार कसा, ते सांगा," कंपोझिटरनं मला चिमटीत धरून विचारलं.

"लिही, आईला आमच्यात जो शब्द आहे, त्यात येतो तसा."

"पण ज्याला तुमचा शब्दच येत नाही, त्यानं काय करायचं?"

म्हातारी कडाडली, "आईला हाक मारता येत नाही असा कोण मेला हे पुस्तक वाचायला येणार आहे?"

त्यानं तसंच जुळवलं. मीही फुशारले. बाईचं चुकतंय हे मला कळलं नाही. मीही तिच्याच हट्टाची.

पुस्तक बांधून आलं त्याच आठवड्यात म्हातारीचं अर्धं अंग गेलं. तोंड वाकडं झालं. नातीनं खाटेवर पहिलं पान उघडून माझ्या ठशावर बोट ठेवलं. "आजी, हा कसा गं? एकदाच म्हण." म्हातारीनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. मग धड हातानं ती त्या ओळीवर बोट आपटत राहिली. आई, आई, आई. कागद फाटला. डोळ्यांतून पाणी नव्हे, संताप वाहत होता. अकराव्या दिवशी ती गेली.

छापखाना मोडला. माझ्या बहिणी वितळवल्या. मला कंपोझिटरनं नातीच्या हातावर ठेवलं. त्याला वीस वर्षं झाली. मी तिच्या बटणांच्या डबीत असते. पंडितांच्या याद्यांत आता मला नाव आहे, क्रमांक आहे, आणि पुढे लिहिलंय: उच्चार माहीत नाही.

नातीनं तो शब्द लहानपणी ऐकला होता, पण कानातली आठवणसुद्धा झिजते हो. मला अंगठ्यावर दाबून, कातडीवर माझा ठसा उमटवून ती आरशासमोर घसा ताणायची. खोकला यायचा. पंडित जिंकले.

परवा मात्र थकून ती खुर्चीत टेकली, आरशाकडे पाठ करून, आणि सहज पुटपुटली. तो निघाला! तोच, अगदी स्टुलावरून यायचा तसा. तिची आई, कंपोझिटर, दोघंही केव्हाच गेलेले; अख्ख्या जगात तो ओळखणारी मी एकटी. मी आतल्या आत ओरडले, अगं, हाच! म्हण, पुन्हा म्हण! पण शिशाला कुठला आलाय घसा?

"छे," ती म्हणाली, "नाहीच जमायचं आपल्याला."

तिनं मला डबीत टाकलं. झाकण लावलं. इथे अंधार आहे आणि बटणं आहेत. तुमच्या घरात कुणी म्हातारी असली, तर तिला लिहायला सांगू नका. तिच्यासमोर बसा आणि ती "हां, आत्ता बरोबर" म्हणेपर्यंत तिच्या मागून म्हणा. माझ्या पोरीला तेवढं सांगणारं कुणी उरलं नाही.