जिवंत माणसाची घागर

आत्मवृत्ताचे शेवटचे प्रकरण मला लिहिता येईना, कारण माझे वडील, नावाने दगा, मेले नव्हते. मी लहान असताना, कामरेजला नव्या कारखान्यात काम पाहून येतो असे सांगून ते उधन्यातील या खोलीतून निघाले आणि परतले नाहीत. पुढे मी शिक्षक झालो, स्वतंत्र घर घेण्याजोगा झालो. परंतु आई खोली सोडीना. "तो ऊना तं आमले कोठे धुंडी?" हा तिचा एकच सवाल. खाली यंत्रमाग धडधडत, वर मांडणीतली भांडी थरथरत, आणि त्या थरथरीत मी लिहीत असे.

१९९६च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी तोड काढली. त्या दिवशी आम्ही खानदेशी लोक मृताच्या नावाने घागर भरतो आणि कुणाला तरी पितर म्हणून जेवू घालतो. त्याने घास घेतला, की गेलेला माणूस खरोखर गेला. मी आईशी आठवडाभर वाद घातला. अखेर ती म्हणाली, "भर, वाल्मिक. तुनाच बाप शे."

पाटावर वडिलांचे जुने सोबती लोटूआप्पा बसले. आईने सांजोऱ्या व आमरस वाढला. आप्पांनी घास उचलला आणि परत ताटात ठेवला.

"वहिनी, दगा मरना हाई कोन्ही दखं का?"

"कोन्हीच नही."

"मंग मी जिता माणूसना घास खाऊ? उद्या दारमा उभा ऱ्हायना तं म्हनी, लोट्या, माले मारीसन तू आमरस खादा!"

आई पदराआड हसली. मी शास्त्र काढले : बारा वर्षे वार्ता नसेल, तर मनुष्य मृत मानावा.

"तुनं शास्त्र खरं शे, मास्तर," आप्पा उठत म्हणाले. "मंग तूच बठ."

पुत्राला पित्याचा पितर होता येत नाही, हेही शास्त्रच. गल्लीतल्या दोघांना विचारले. एकाने उपास सांगितला, दुसऱ्याने दारातूनच हात जोडले. शेवटी आईने ते ताट स्वतःपुढे ओढले व रोजच्यासारखी जेवू लागली.

"मग नव्या घराचे काय?" मी विचारले.

"तू जाय ना. मी तुले कधय बांधी ठेवं?"

मी आईला सोडून गेलो असतो, तर लोकांनी माझ्याविषयी जे म्हटले असते, ते सर्व वडिलांविषयी मी पहिल्याच प्रकरणात, मोठ्या परिश्रमाने, लिहून ठेवले होते.