एका कॅसेटीत मावेल तेवढं लग्न

गोपिकानं पांढऱ्या साडीचा पदर डोळ्याला लावला, गाडीत बसता बसता मान वळवून मागं पाहिलं, आणि कॅसेट संपली. टीव्हीच्या काचेवर नुसती खरखर सुरू झाली.

"घ्या," कृष्णकांत म्हणाला. "इथंच संपते, काकू. मी काल काकाले सांगितलं होतं."

पंचफुलानं नवऱ्याकडं पाहिलं. मनोहरराव गजभिये भिंतीवर ओळीनं लावलेल्या कॅसेटींची नावं वाचत होते, जणू आजच एखादी भाड्यानं घेऊन जायची आहे.

"काल सांगितलं होतं?" तिनं विचारलं.

"म्हणत होता काहीतरी," मनोहरराव म्हणाले.

महाल भागातल्या या गल्लीत कृष्णकांतचं कॅसेटींचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत त्याच्या दोन मशिनी. एकीवर लग्नाची कॅसेट लावायची, दुसरीत कोरी घालायची, मधून वायर जोडायची आणि बसून राहायचं. लग्न जेवढा वेळ चाललं तेवढाच वेळ ते पुन्हा पाहत बसावं लागतं, त्याला दुसरा इलाज नाही. पंचफुलाच्या लेकीच्या, गोपिकाच्या, लग्नाच्या दोन भरगच्च कॅसेटी झाल्या होत्या. त्या एका तीन तासांच्या कॅसेटीत कोंबायच्या होत्या, कारण ओळखीतला कळमेश्वरचा बळीराम उद्या सकाळी मुंबईला निघणार होता आणि तिथून मस्कतला, जिथं मनोहररावांचा मुलगा रविंद्र होता. त्यानं बॅगेत एकाच कॅसेटीची जागा दिली होती. दोन दिसल्या की कस्टमवाले दोन्ही ठेवून घेतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं आणि त्याचा त्यावर गाढ विश्वास होता.

स्लो स्पीडवर भरली असती तर सगळं लग्न आरामात मावलं असतं. पण ती तिकडच्या मशिनीवर चालेल याची हमी द्यायला कृष्णकांत तयार नव्हता. मागं एकाला त्यानं तशी भरून दिली, तर भिलाईच्या मशिनीवर नवरा-नवरी पळत पळत हार घालायला लागले आणि वरमाय किरट्या आवाजात चिवचिवायला लागली. त्या माणसानं येऊन कृष्णकांतच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

"मंग आता?" पंचफुला म्हणाली.

"आता काय, काकू. वरात कापली, बँड कापला, जेवणाच्या पंगती कापल्या. बुद्धवंदना तर कापता येत नाही. आहेर राहिला. तो जवळजवळ तासाभराचा आहे. तो कापला की बिदाई पुरी बसते."

"कापा ना मंग!"

"आहेर कापायचा नाही," मनोहरराव म्हणाले.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. कूलरचा आवाजही मेला मोठा होता.

"काहून जी?"

"लोकायनं दिलं आहे. त्यायचा मान असते."

"अन् मस्कतमध्ये कोण पाहणार आहे लोकायचा मान? रविंद्र पाहीन, अन् त्याच्या खोलीतले केरळचे पोरं पाहतीन. त्यायले काय करायचं आहे कोणी ताटं दिले अन् कोणी कोठी दिली?"

"कापायचा नाही म्हणजे नाही."

पंचफुलाच्या डोक्यात तिडीक गेली. नातेवाईक, भाऊबंद, वस्तीतली चार मोठी माणसं यांच्यापुढं जन्मभर मान तुकवत आलेला हा माणूस. घरच्यांसाठी मात्र त्याची मान कधी वाकायची नाही. बापानं खेटे घालून मिळवून दिलेली सरकारी नोकरी रविंद्रनं सोडली आणि न सांगता मस्कत गाठलं, तेव्हापासून घरात त्याचं नाव निघालं की मनोहरराव उठून अंगणात सायकल पुसायला जायचे. ती सायकल इतकी पुसली गेली होती की तिचा रंग उडाला. आणि लग्नाला सुटी मिळत नाही, असं पोराचं पत्र आलं, तेव्हा तर 'सख्ख्या बहिणीचं लग्न असूनसुद्धा', एवढंच ते बोलले आणि पुढं मुलीला हळद लागेपर्यंत घरात कोणाशी धड बोलले नाहीत.

तिचा हिशेब साधा होता. पोरगं पत्रात चार ओळी लिहितं, त्यात दोन तब्येतीच्या. त्याला ओढून आणायचं तर कागदावर लिहून होणार नव्हतं. गोपिकानं गाडीत बसताना मागं वळून पाहिलं, मग उतरून आईच्या गळ्यात पडली, मग घराच्या दाराला हात लावून रडली. ते सगळं त्यानं पाहिलं पाहिजे. भाऊ असता तर त्यानं तिला हाताला धरून गाडीत बसवलं असतं, हे त्याच्या काळजाला लागलं पाहिजे. मग तो तिकीट काढेल. आणि नेमकं तिथं कॅसेट संपत होती.

"मंग वंदनेच्या आधीचे भाषणं कापा," ती म्हणाली.

"तेही कापले, काकू."

"फोटोले हार घालतात ते?"

"ते कापले तर वस्तीतले लोक मले कापतीन."

तेवढ्यात लाईन गेली. कूलरचा पंखा फिरत फिरत थांबला, टीव्ही विझला, आणि मेचं ऊन छपरातून खाली उतरल्यासारखी खोली तापायला लागली. कृष्णकांत शर्टाची बटणं उघडत पुढच्या दुकानात जाऊन बसला. ते दोघंच राहिले. पंचफुला पदरानं वारा घेत होती आणि मनोहरराव रुमालानं मान पुसत होते.

"तुमी काल इथं दिवसभर बसले," ती म्हणाली. "मले वाटलं, पोराची कॅसेट नीट भरून घ्याले गेले. तुमी तर भाऊबंदायची राखण कराले बसले होते."

मनोहररावांनी रुमालाची घडी उलटी केली.

"पोरापेक्षा तुमाले ताटं-वाट्या जास्त झाल्या?"

"पंचफुला, तू शांत राय वं."

"मी काहून शांत राहू? दोन वर्षं शांतच आहे मी."

त्यावर ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि पुन्हा बसले. सायकल जवळ नव्हती म्हणून, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्या रागातही तिला हसू येता येता राहिलं.

लाईन आली तेव्हा दुपार कलली होती. कृष्णकांत आत आला आणि म्हणाला, की आता ठरवा, संध्याकाळी लाईन राहीनच याचा भरवसा नाही. आहेराच्या आधीपासून पुसून पुन्हा भरतो, पण काय भरायचं ते एकानं कोणीतरी सांगा.

"लावा आहेर," पंचफुला म्हणाली. "मी पाहते कोणकोण आहे ते. कोण रुसते अन् कोण नाही रुसत, मले ठाऊक आहे. जे रुसतीन त्यायले ठेवू, बाकीचे जातीन."

"कायले पाहतं?" मनोहरराव घाईनं म्हणाले. "मी पाहिला आहे काल."

"तुमी पाहिला. मी नाही पाहिला. मी तेव्हा वरपक्षाच्या बायायले वाढून राहिली होती."

मनोहरराव चहा सांगून येतो म्हणाले आणि बाहेर गेले. लांब मात्र गेले नाहीत. दुकानाच्या पायरीवर त्यांची पाठ दिसत होती.

मांडव दिसायला लागला. वस्तीतले बाबाराव माईक हातात धरून उभे होते. त्यांच्या आवाजाला माईकची काही गरज नव्हती, पण आहेर पुकारायचा तर माईक लागतोच. नाव, गाव, वस्तू. नाव, गाव, वस्तू. ज्याचं नाव पुकारलं तो मंचावर चढायचा, नवरा-नवरीच्या पुढ्यात वस्तू ठेवायचा आणि कॅमेऱ्याचा दिवा तोंडावर पडेपर्यंत हलायचा नाही. पंचफुला एकेकाला काढून टाकत होती. हे राहू द्या, हे कापा, ह्यायनं तर मागच्या लग्नातलीच चादर दिली, कापा. रागाच्या भरात तिला त्याची मजाही यायला लागली होती.

"वधूचे मामा," बाबाराव गरजले, "आयुष्मान रुपराव मेश्राम, मुक्काम भंडारा, यांच्याकडून साडी-चोळी आणि स्टीलची कोठी!"

तिचा भाऊ मंचावर आला आणि कोठीवर हात ठेवून ऐटीत उभा राहिला.

"वधूचे भाऊ, आयुष्मान रविंद्र मनोहरराव गजभिये, मुक्काम मस्कत, यांच्याकडून पितळेचा गुंड!"

पंचफुलाचा हात पदरासकट तिथंच थांबला.

मंचावर कोणी आलं नाही. कॅमेऱ्याचा दिवा उजवीकडं गेला, डावीकडं गेला, माणूस शोधत राहिला. मग कडेनं मनोहरराव आले. खाली मान, दोन्ही हातांत पाणी भरायचा तो मोठा गुंड. त्यांनी तो गोपिकाच्या पायाशी ठेवला आणि दिवा तोंडावर यायच्या आत वळले. गोपिकानं गुंडाकडं पाहिलंच नाही, ती बापाकडं पाहत राहिली. तोवर बाबाराव पुढच्या नावावर गेले होते.

तो गुंड पंचफुलानं स्वतःच्या हातानं पोत्यात बांधून गोपिकाच्या सासरी पाठवला होता. इतक्या भांड्यांत तो कोणी दिला हे विचारायला तिला सुचलंही नव्हतं. मांडवात आहेर पुकारतात तेव्हा ज्याचं नाव आहे त्याच्याशिवाय कोण ऐकतं?

तिला आधी रागच आला, आणि तो चांगलाच आला. भर मांडवात शे-दोनशे लोकांपुढं पोराचं नाव पुकारून घेतलं, आणि घरात तेच नाव दोन वर्षं तोंडातून निघालं नाही. एवढं एक वाक्य सकाळी बोलले असते तर दिवस वाया गेला नसता. दोन वर्षं गेली नसती. तिनं पायरीकडं पाहिलं. पाठ जागची हलली नव्हती, आणि चहाही अजून कोणी सांगितलेला दिसत नव्हता.

"काकू?" कृष्णकांतनं मशीन थांबवली होती. "काय ठेवू?"

तेवढा गुंड ठेवा, एवढंच सांगायचं होतं. पण ते पायरीवर ऐकू गेलं असतं, आणि मग हा माणूस उरलेलं आयुष्य सायकल पुसण्यात काढेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"माह्या भावाचा आहेर ठेवा," ती जरा मोठ्यानंच म्हणाली. "बाकी सगळे कापा."

"फक्त मामाचा?"

"हाव. माहेरच्यायचा मान नसते का?"

"मामा खाली उतरले की कापू?"

"तिथं नका कापू," ती आवाज खाली आणून म्हणाली. "घाईत तोडल्यावानी दिसते. जरासं पुढं जाऊ द्या. गुंड ठेवून झाला की मंग कापा."

कृष्णकांतनं काल हाच तुकडा मनोहररावांबरोबर बसून पाहिला होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि काही न विचारता कॅसेट मागं घ्यायला लागला.

मनोहरराव आत आले. त्यांच्या हातात चहा नव्हता.

"स्वतःच्या भावाचा तेवढा बरा ठेवला," ते म्हणाले.

"ठेवला. तुमाले काही म्हणायचं आहे?"

"नाही," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून तिच्या बाजूला बसले.

कृष्णकांतनं दोन्ही मशिनींची बटणं एकदम दाबली. रुपराव मेश्राम पुन्हा कोठीवर हात ठेवून उभे राहिले. बाबारावांनी पुढचं नाव घेतलं, गाव घेतलं. मनोहरराव स्टुलावरून पुढं वाकले.

"कृष्णकांत," ते म्हणाले, "आवाज बरोबर भरून राहिला ना गा? तिकडं नीट ऐकू जाईन?"

"जाईन, काका."

पंचफुलानं टीव्हीवरून नजर काढली नाही.