चारशे बारा दारं

आधीच सांगून ठेवतो, हे कोणी खरं मानणार नाही. बायकोनं मानलं नाही, मुलीनं तर ऐकूनच घेतलं नाही, आणि शेजारचा शिंपी, जो माझी कुठलीही गोष्ट उसवून बघितल्याशिवाय सोडत नाही, त्यानं नुसती मान हलवली. पण मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, बावन्न वर्षं कुलपं-किल्ल्यांच्या धंद्यात आहे, आणि चोराला त्याच्याच फोनवर तीन तास रडवणारा या भागात मी एकटाच.

अशी सुरुवात मी केली ती टेलिफोन कंपनीच्या ऑफिसात. माझ्या हातात एकसष्ट नंबरचं टोकन, भिंतीवरच्या पाटीवर तेवीस, आणि ते तेवीस गेला तासभर तेवीसच. चार खिडक्या. त्यांतल्या तीनवर पडदे ओढलेले, चौथीतली मुलगी प्रिंटरशी भांडत होती. पंखा फिरत होता, पण वारा कुणाकडे पाठवायचा हे त्याचं ठरलेलं नसावं. अशा ठिकाणी माणूस एक तर चिडू शकतो नाही तर बोलू शकतो. मी दोन्ही एकदम करतो.

ऐकायला तिघं होते. शिंपी, कारण त्याचा फोन आठवडाभर मुका होता. दारावरचा सुरक्षारक्षक, कारण त्याला उभं राहून राहून कंटाळा आला होता. आणि सिस्टर. सिस्टर म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई, आमच्याच गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर एकट्या राहतात. त्यांच्या दाराचं कुलूप माझंच. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. त्या दिसल्या म्हणून मी जरा आवाज चढवून सांगत होतो, एवढंच.

तर मुद्दा असा. माझ्याकडे एक यादी आहे. ज्या ज्या दाराला मी कुलूप बसवलं त्याचा पत्ता, आणि पुढे त्या किल्लीच्या खाचांचा नंबर. कुठली खाच किती खोल, ते आकड्यांत. हा नंबर मिळाला की मूळ किल्ली डोळ्यांनी बघावी लागत नाही, कुठलाही किल्लीवाला पाच मिनिटांत दुसरी कापून देतो. अशी चारशे बारा दारं. पूर्वी ती वहीत होती आणि वही लोखंडी पेटीत. गेल्या वर्षी वहीला वाळवी लागली, तेव्हा मुलीनं सगळी यादी कॉम्प्युटरवर चढवली. ती दुकानात माझ्याबरोबरच काम करते, हात माझ्यापेक्षा हलका आहे तिचा, हे तिला सांगू नका. मी तेव्हाच म्हणालो होतो, वाळवी निदान वाचून दुसऱ्याला सांगत नाही. पण म्हाताऱ्याचं ऐकतो कोण.

मंगळवारी सकाळी अकराला फोन आला. मुलगी गिऱ्हाइकाकडे गेली होती, मी दुकानात एकटा. पलीकडचा माणूस इतका गोड बोलत होता की रिसीव्हरला मुंग्या लागाव्यात. सर, तुमची ब्रॉडबँडची लाइन जुनी झाली आहे, आम्ही ती आज नवीन करून देतोय, वेग दहापट, एक पैसा द्यायचा नाही. फक्त आज पाचच्या आत करायला हवं, नाहीतर जुनी लाइन कायमची बंद.

आता माझ्या लाइनची कथा ऐका. आठ महिने मी या ऑफिसात तक्रारी करतोय. पुतण्यानं बाळाचा पहिला फोटो पाठवला, तो उघडेपर्यंत बाळाला दात आले होते. हवामानाचा अंदाज बघायला जावं तर कालचा यायचा, तोही चुकलेला. एकदा मी एका गिऱ्हाइकाला ईमेल टाकली आणि तेच पत्र हातात घेऊन चालत निघालो. मी पोचलो, चहा झाला, गप्पा झाल्या, परत आलो, तरी ईमेल अजून निघायच्या तयारीत.

"तुम्ही चालता हळू, काका," शिंपी म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय," मी म्हणालो.

तर आठ महिने ज्या कंपनीनं माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही, तिला एकाएकी माझी दया आली असं मला वाटलं. वाटायला नको होतं. माझ्या धंद्यात पहिला धडा हाच असतो. कुलूप उघडून द्या म्हणणारा खरा मालक असेल तर तो चिडलेला असतो. उन्हात उभा असतो, आत दूध उतू चाललेलं असतं, तो तुमच्यावर खेकसतो. जो गोड बोलतो आणि घाई करतो, त्याच्याकडे कागद मागायचा. बावन्न वर्षं मी हे कटाक्षानं पाळलं. पण ते दाराशी उभ्या माणसाबद्दल. फोनवरच्या माणसाला दार नसतं, तिथं माझी अक्कल गोते खाते.

त्यानं मला एक प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लावला. आमचे इंजिनिअर लाइन तपासतील म्हणाला. उतरवता उतरवता मला थांबवून ठेवलं आणि फोनवर बाजा लावून दिला. तेवढ्या वेळात मी अकरा किल्ल्या कापल्या. तिसऱ्या फेरीला माझी कानस आपोआप तालात चालायला लागली, सातव्या फेरीला समोरच्या फुटपाथवरचं कुत्रं मान डोलवत होतं. मग तो परत आला आणि म्हणाला, सर, स्क्रीनवर नऊ आकडी नंबर आलाय का?

इथं माझा घात झाला, आणि तो धंद्यानं केला. किल्लीवाला फोनवरचा नंबर कधीही एकदा म्हणत नाही. एक आकडा चुकला तर कापलेली किल्ली भंगारात जाते, म्हणून वस्तादानं आम्हाला कान पिळून शिकवलं: आकडा दिसला की एकेक सुटा, सावकाश, मोठ्यानं, दोनदा म्हणायचा. त्यानं विचारलं मात्र, आणि माझं तोंड माझ्या आधी सुरू झालं. नऊच्या नऊ आकडे, खणखणीत, दोनदा. शेवटी "बरोबर ना?" असंही मीच विचारलं.

सुरक्षारक्षकानं कपाळाला हात लावला. त्याच्या मेहुण्यानं असाच नंबर दिला होता म्हणे, पण एकदाच.

नंबर दिला आणि स्क्रीनवरचा बाण आपला आपण हलायला लागला. माझा हात टेबलावर, माउस जागच्या जागी, आणि बाण चाललाय. या फाइलवर थांब, त्या फाइलवर थांब, परक्या घरात शिरलेला माणूस खण उघडून बघतो तसा. मी फोनमध्ये म्हणालो, अहो, लाइन तपासताय की माझी कपाटं? तो म्हणाला, सर, प्रक्रिया आहे. आणि बाण जाऊन उभा राहिला तो "दारं" नावाच्या फोल्डरवर.

इथून पुढचं कोणी खरं मानत नाही. माझ्या एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात कानस, गुडघा गेली सहा वर्षं संपावर. आणि मी काउंटरवरून उडी मारली. खालून नाही गेलो, वरून. हात मोकळा नाही म्हणून इंटरनेटची वायर दातांत धरली आणि असा हिसका दिला की वायर आली, खोका आला, भिंतीचा हातभर गिलावा आला.

"कवळी आहे ना तुमची?" शिंप्यानं विचारलं.

"आहे. ती वायरीला तशीच लटकत होती. पण चावा सोडला नाही तिनं."

सुरक्षारक्षक इतका हसला की खिडकीतली मुलगी प्रिंटर सोडून बघायला लागली. त्या गडबडीत पाटी चोविसावर गेली. सिस्टर हसल्या नाहीत. त्या ऐकत होत्या.

नंतर मी तीन तास त्या चोराला फोनवर खेळवला. तो म्हणे सर वायर परत लावा, मी म्हणे कुठली वायर, तो म्हणे निळी, मी म्हणे माझ्याकडे फक्त पिवळी, आणि पिवळी शोधायला मी जेवून आलो. शेवटी त्यानं रडवेल्या आवाजात विचारलं, आजोबा, तुम्ही कॉम्प्युटर वापरता तरी कशाला? मी म्हणालो, तुझ्यासारख्यांची वाट बघायला.

मग मुलगी आली. गिलावा बघितला, मला बघितलं, आणि पहिलं वाक्य म्हणाली, कशालाही हात लावू नका. वायर पुन्हा जोडू दिली नाही. स्वतःच्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, बँकेला कळवलं, पोलिसांत तक्रार नोंदवली, कॉम्प्युटर पुसून घ्यायला दिला. कंपनीला फोन केला तोसुद्धा बिलावर छापलेल्या नंबरवर. चोरानं जाता जाता मला एक नंबर दिला होता, काही अडचण आली तर सर या नंबरवर बोला, म्हणून. मी तोच लावायला निघालो होतो. तिनं माझ्या हातातून चिठ्ठी काढून घेतली.

आणि आता माझा संताप ऐका. बिलावरच्या नंबरवर फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, मग सांगणार, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा होता म्हणूनच बहुधा त्यांनी तो पन्नास मिनिटं जपून ठेवला आणि मग कापला. दोन दिवस हेच. पुन्हा एक दाबा, पुन्हा दोन दाबा, माझ्या बोटाचा ठसा त्या बटणावर उमटला. आणि या दोन दिवसांत चोराचे मला तीन फोन. सर, मध्येच लाइन कट झाली होती, आपली तब्येत बरी आहे ना? सांगा, पैसे मी देतो यांना, आणि माझी चौकशी करतो तो. मी फोन ठेवून दिला, तिन्ही वेळा, एक शब्द न बोलता. मुलीनं तसं बजावलं होतं: वाद घालायचा नाही, मजा करायची नाही, ठेवायचा.

"आणि ते तीन तास खेळवलं ते?" शिंप्यानं विचारलं.

ते तिनं बजावायच्या आधीचं, मी म्हणालो.

शेवटी कंपनीचा एक माणूस फोनवर सापडला. त्यानं सांगितलं, खोका बदलून हवा असेल तर समक्ष या. म्हणून आज शनिवारी मी इथे, आणि पाटीवर अजून चोवीस.

सुरक्षारक्षकाला माझी गोष्ट आवडली होती. त्याला फक्त एवढंच हवं होतं की शेवट सांगा, म्हणजे तो दारावर जायला मोकळा. यादीचं काय झालं, त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघितलं नाही.

"वाचली," मी म्हणालो. "बाण फोल्डरवर पोचला आणि मी वायर तोडली, मध्ये अर्धा सेकंदसुद्धा नाही. चारशे बारापैकी एकही दार त्याच्या हाती लागलं नाही. या भागातल्या माणसांनी खुशाल झोपावं."

शिंप्यानं बोटाला गुंडाळलेला दोरा सोडायला घेतला आणि खाली मान घालून तेच करत राहिला.

सिस्टरनी पर्स मांडीवरून उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवली.

"काका," त्या म्हणाल्या, "बुधवारी तुमची मुलगी माझ्या दाराचं कुलूप बदलून गेली. यादी गेली म्हणाली, सगळी. एकट्या राहणाऱ्यांची दारं ती आधी घेतेय, माझं नववं होतं. तुम्ही वायर तोडली नाहीत. तो स्वतःहून बाहेर पडेपर्यंत तुम्ही बघत बसला होतात, हेही तिनं सांगितलं. आणि म्हणाली, तुमच्याकडे बाबा स्वतः येऊन बोलणार आहेत, तोवर तुम्हाला काही माहीत आहे असं दाखवू नका. मी तीन दिवस घराबाहेर पडले नव्हते, काका. तुम्ही याल म्हणून."