छत्रीतून गेलेला समुद्र

माझं काम लहान मुलांच्या चित्रकलेच्या पुस्तकांचं. एका पानावर सहा चौकटी, एकेका चौकटीत थोड्या थोड्या रेघा वाढत जातात आणि सहावीपर्यंत पोराचं चित्र तयार. या खेपेचं पान होतं ‘उन्हाळ्यातला निवांत समुद्रकिनारा’. मोठी छत्री, तिच्याखाली आरामखुर्ची, बादली, चेंडू, लाटा, वर सूर्य. निवांत म्हणे. गेल्या आठ महिन्यांत मी कुठल्या खुर्चीला निवांत पाठ टेकली असेल तर शपथ.

कारण आमचे पेंटर. सगळी गल्ली माझ्या नवऱ्याला पेंटर म्हणते, म्हणून मीही. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शिडीवर उभं राहून हातभर उंचीचं अक्षर एका दमात उतरवायचे. आठ महिन्यांपूर्वी त्यांचं उजवं अंग गेलं. बोलणं परत आलं, पाय काठीच्या आधारानं परत आला, हात काही आला नाही. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. ‘काका, डावा हात वापरा, चमचा धरा, पेन धरा,’ असं सांगून ती दमली. पालथ्या घड्यावर पाणी. चहाचा कपसुद्धा मीच तोंडाशी धरायचा.

काल तिनं मला दारात गाठलं. “काकू, हात नाही, त्यांचं मन अडून बसलंय. अजून महिनाभर असंच गेलं ना, तर मग सगळं कायमचं तुमच्याच हातून.”

मला आधी तिचा राग आला, मग पेंटरांचा. माझी मनगटं तेव्हाही दुखतच होती.

आमच्या पुस्तकांचा एक नियम आहे, खोडरबर वापरायचं नाही. पाच वर्षांच्या पोराच्या हाती रबर दिलं की कागदाला भोक पडतं. काढलेली रेघ तशीच राहणार, हे धरूनच चौकटी आखायच्या. आणि पान देण्याआधी चित्रकलेचा गंध नसलेल्या कुणाकडून तरी ते काढून घ्यायचं आणि तो नमुना संपादकबाईंकडे पाठवायचा. एरवी शेजाऱ्यांची धाकटी यायची. ती सुट्टीला मावशीकडे गेलेली आणि पान उद्या सकाळी द्यायचं. तिथंच घोडं अडलं.

दुपारी मी पेंटरांच्या मांडीवर पुठ्ठा ठेवला, त्यावर कागद चिकटवला.

“हे काय?”

“समुद्र. डाव्या हातानं काढायचा.”

“मी?”

“ज्याला काढता येत नाही असं माणूस हवंय मला.”

बोलले आणि जीभ चावली. आठ महिने त्यांना फुलासारखं जपलं होतं, आणि दमल्या तोंडातून हे असं बाहेर पडलं.  मग त्यांनी डावा हात पुढे केला. मी पेन्सिल दिली आणि बाजूला बसले.

तासभर लागला. पहिल्या चौकटीत आकाश आणि पाणी जिथं मिळतं ती आडवी रेघ. मग सूर्य. मग छत्री, खुर्ची, बादली. घाम पुसायलाही थांबले नाहीत. शेवटी कागद समोर धरला आणि पेन्सिल जमिनीवर फेकली.

“छत्रीतून समुद्र गेला. बघितलंस? चाळीस वर्षांचा पेंटर म्हणे!”

आडवी रेघ खरंच छत्रीच्या पोटातून आरपार गेली होती. मी माझं पान हातात घेतलं आणि चौकटी पुन्हा पाहिल्या. चूक माझी होती. सराईत चित्रकार आधी क्षितिजाची रेघ ओढतो आणि छत्रीमागे लपणारा तुकडा नंतर खोडतो. पण बिनरबराच्या पुस्तकात पुढची वस्तू आधी, मागची रेघ नंतर, तीही कडेशी थांबवून पलीकडे पुन्हा सुरू करायची. तीस वर्षं मी हेच करत आले. पट्टीचा पोहणारा बुडतो तो असा.

“अहो, चूक माझी आहे. रेघ आधी सांगितली मी.”

“पुरे.”

“खरंच.”

“आठ महिने तुझं खरंचच चाललंय. पाय छान पडतोय, खरंच. आवाज पहिल्यासारखा झालाय, खरंच. मला काय कुकुलं बाळ समजतेस?”

 एकूण एक थाप त्यांना कळलेली होती. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. तसाच फोन उचलला, संपादकबाईंना लावला आणि पेंटरांना ऐकू जाईल असा आवाज मोठा करून मध्ये ठेवला. झालेलं सगळं सांगितलं.

“ताई, क्षितिज पहिल्या चौकटीत?” बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. “मग छत्री काय काचेची आहे? नवख्या पोरीनं केलं असतं तर समजू शकले असते. सकाळी दुरुस्त पान आणि नवा नमुना हवा, नाहीतर हे पान मी दुसरीकडे देते.”

“हो. चुकलंच माझं,” मी म्हणाले. कान गरम झाले होते.

फोन ठेवला तर पेंटरांच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेलेला.

“चांगलंच झापलं की तुला.”

“झापलं. हसा आता.”

हसले. मग म्हणाले, “ती पेन्सिल दे उचलून.”

मी चौकटी नव्यानं आखल्या. त्यात तास-दीड तास गेला, पाठीचा कणा ओरडायला लागला. तेवढा वेळ पेंटरांनी चहासुद्धा मागितला नाही. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आधी छत्री, खुर्ची. रेघ छत्रीच्या कडेशी आली, थांबली. पेन्सिल उचलली, हवेतून पलीकडे नेली, टेकवली. खिडकीतलं ऊन पार भिंतीवर चढलं तेव्हा कागद त्यांनी लांब धरला.

“आता सांग. कसं झालंय?”

‘छान’ अगदी जिभेवर आलं होतं. इतकी सवय झालेली. मी ते गिळलं.

“वाईट,” मी म्हणाले. “उजवीकडचा समुद्र बोटभर खाली घसरलाय. छत्री कलंडलीय. त्या खुर्चीत बसेल तो पडेल.”

त्यांनी कागद मांडीवर उतरवला. मला वाटलं, संपलं.

“हं,” ते म्हणाले. “दुसरा कागद दे.”